हन्नाच्या गोष्टीतलं १८वं वचन

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भगिनींच्या बायबल अभ्यासात पुढच्या वेळी हन्नावर, म्हणजे मूल नसताना देवाकडे मुलगा मागणाऱ्या आणि पुढे शमुवेलाची आई झालेल्या बायबलमधल्या स्त्रीवर, बोलायचं तुमच्याकडे आलं आहे. ‘हन्नासारखी प्रार्थना करा, देव देतो’ एवढंच सुचतंय. पण गटात लग्नाला बारा वर्षं होऊनही मूल नसलेली एक बहीण आहे. तिच्यासमोर हे कसं बोलायचं, की सरळ दुसरी एखादी स्त्री निवडायची?

दुसरी निवडू नका, हन्नाच घ्या. मात्र जे सुचतंय ते बोलू नका. त्या बहिणीला लागेल हे एक कारण झालं. मोठं कारण हे की उताऱ्यात ते तसं लिहिलेलंच नाही.

हे मी इतक्या ठामपणे सांगते आहे, कारण हीच चूक मी स्वतः करून बसले आहे. अभ्यास घ्यायला लागून तीन-चार वर्षं झाली असतील. हन्नावर तासभर बोलले. तीन मुद्दे काढले होते, तिन्ही ‘प्र’ने सुरू होणारे: प्रार्थना, प्रतीक्षा, प्राप्ती. (अक्षरं जुळली की आपण इतके खूश होतो की उतारा काय म्हणतो ते बघायचं राहूनच जातं.) शेवटी म्हणाले, “हन्नाने मनापासून मागितलं, म्हणून तिला मिळालं.” मागच्या रांगेतली एक बहीण पुढच्या आठवड्यात आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. भेटायला गेले तेव्हा तिने अगदी शांतपणे विचारलं, “म्हणजे मी नऊ वर्षं मनापासून मागितलं नाही का, ताई?” मला काही बोलता आलं नाही. घरी येऊन बायबलमधल्या १ शमुवेल या पुस्तकाचा पहिला अध्याय उघडला आणि मी म्हटलेलं वाक्य त्यात शोधत बसले. सापडलं नाही.

तेव्हा तयारीची सुरुवात मुद्द्यांनी करू नका. १ शमुवेल १:१ पासून २:२१ पर्यंत सलग, मोठ्याने वाचा. दहा मिनिटांचं काम आहे. मुद्दे काढायची घाई झाली की आपण ४-५ वचनं (अध्यायातल्या क्रमांक दिलेल्या ओळी) उचलतो आणि बाकीचं आपल्या आठवणीतून भरतो. ती आठवण बहुतेक वेळा लहानपणी ऐकलेल्या गोष्टीची असते.

वाचताना वचन २ पाशी थांबा. एलकानाच्या दोन बायकांची नावं येतात, पहिली हन्ना, दुसरी पनिन्ना. पुढच्याच वाक्यात क्रम उलटतो: पनिन्नाला मुलं होती, हन्नाला नव्हती. एका ओळीत पहिली मागे पडते. ज्या बाईला मुलांच्या संख्येवरून मोजलं गेलं आहे तिला ही ओळ समजावून सांगावी लागत नाही. पुढे पनिन्नासाठी जो हिब्रू शब्द आला आहे, ‘त्सारा’, त्याच उच्चाराच्या शब्दाचा दुसरा अर्थ आहे संकट, कोंडमारा. आपल्याकडे ‘सवत’ म्हटलं की पुरतं. आणि हे वर्षानुवर्षं चाललेलं आहे, तेही शिलोला उपासनेला जाताना. देवाच्या घरी जाण्याचा दिवस हाच तिच्या टोमण्यांचा दिवस. मंडळीत येणं एखादीला सगळ्यात जड का वाटतं याचं उत्तर इथे आहे.

मग येतं ते वाक्य, जे बहुतेक वक्ते पटकन ओलांडतात: परमेश्वराने तिची कूस बंद केली होती. वचन ५ आणि ६, दोनदा. ओलांडू नका, कारण तुमच्या गटातली बहीण ते नक्की वाचते. तिथे काय नाही ते दाखवा. हन्नाचं कुठलंही पाप, कुठलीही शिक्षा, कुठलाही शाप अख्ख्या अध्यायात नाही. लेखक कारण देत नाही. मूल नसणं म्हणजे काहीतरी चुकलं असणार, हा सूर कुटुंबातून येतो, शेजारून येतो, दुर्दैवाने मंडळीतूनही येतो. या अध्यायातून येत नाही. तुमच्या संदेशात दुसरं काही जमलं नाही तरी एवढं स्पष्ट म्हणा.

एलकानावर फार वेळ घालवू नका. माणूस वाईट नाही. तिला वेगळा वाटा देतो, तिच्यावर प्रेम करतो. पण ती रडत असताना तो तिला एकापाठोपाठ एक चार प्रश्न विचारतो आणि शेवटचा असा की, “मी तुला दहा मुलांपेक्षा बरा नाही का?” हन्ना उत्तर देत नाही. समजूत घालायला गेलेल्या प्रेमळ माणसाचं काय होतं याचं याहून नेमकं चित्र मला माहीत नाही. हा प्रश्न मात्र लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हन्ना उठते आणि मंदिराकडे जाते. तिच्या प्रार्थनेतली पहिलीच हाक बघा: “हे सेनाधीश परमेश्वरा.” बायबलमध्ये प्रार्थना करताना देवाला या नावाने हाक मारणारी ती पहिली व्यक्ती आहे. तिच्या आधी अब्राहामाने, मोशेने, दबोराने नाही मारली. ज्या बाईला घरात बोलायला जागा नाही ती आकाशातल्या सैन्यांच्या अधिपतीला हाक मारते, आणि त्याच वचनात स्वतःला तीन वेळा ‘तुझी दासी’ म्हणते. त्या एकाच वाक्यात देव किती मोठा आणि ती किती लहान, दोन्ही आहे, आणि तरीही ती मागते आहे.

आता नवस. इथे कुणीतरी विचारणारच: “हा देवाशी सौदा नाही का? तू दे, मग मी देते?” मीही बरीच वर्षं या ठिकाणी अडखळायचे. पण ती काय देऊ करते आहे ते नीट बघा. पनिन्नाचं तोंड बंद करायचं असतं तर मुलगा घरात हवा. अंगणात खेळताना, पंक्तीत बसलेला दिसायला हवा. हन्ना म्हणते, मुलगा झाला तर तो आयुष्यभर परमेश्वराचा, त्याच्या डोक्याला वस्तरा लागणार नाही. म्हणजे ज्या गोष्टीने घरातला अपमान पुसला गेला असता तीच ती आधी सोडून देते. सौदा करणारा असा तोट्याचा सौदा करत नाही. बायबलमधल्या शास्ते या पुस्तकाच्या १३व्या अध्यायात शमशोनाच्या आईला हेच वस्तऱ्याचं बंधन देवदूत येऊन सांगतो. इथे कुणी देवदूत नाही, सांगणारी आईच आहे. शिवाय गणना या पुस्तकाच्या ३०व्या अध्यायाप्रमाणे बायकोचा नवस ऐकल्या दिवशी रद्द करायचा अधिकार नवऱ्याला होता. एलकानाने तो रद्द केल्याचं कुठे नाही. वचन २३ मध्ये तो म्हणतो, तुला बरं वाटेल ते कर. चार प्रश्नांचा माणूस इथपर्यंत आला, हे त्याच्या बाजूने नोंदवायला हवं.

गटाला मात्र “तुम्हीही असा नवस करा” असं सांगू नका. हन्नाने केलं ते लिहिलेलं आहे, सगळ्यांनी करावं असं लिहिलेलं नाही. पवित्र शास्त्रातल्या कुठल्याही स्त्रीवर बोलताना हा फरक सुटला की घोटाळा होतो.

आता एली, शिलोचा याजक. माझ्या अनुभवात गटाला सगळ्यात जास्त बोलतं करणारा भाग हा. याजक मंदिराच्या दाराशी आसनावर बसला आहे आणि तिच्या तोंडाकडे बघतो आहे. ओठ हलताहेत, आवाज येत नाही. त्याचा निष्कर्ष: बाई प्यायलेली आहे. यहुदी परंपरेत पुढे याच हलणाऱ्या ओठांवरून प्रार्थनेची रीत ठरवली गेली. तालमूद या यहुदी ग्रंथाच्या ‘बराखोत’ या भागात, प्रार्थना करताना मन लावावं, ओठ हलावेत, आवाज चढू नये, हे रब्बी, म्हणजे यहुदी धर्मगुरू, हन्नाकडून शिकतात. म्हणजे याजकाला जी दारूडी वाटली ती प्रार्थनेची शिक्षिका ठरली.

तिचं उत्तर दोन वचनांत आहे. “नाही, महाराज.” मान देते, पण आरोप गिळत नाही. द्राक्षारस प्यायलेला नाही, मी परमेश्वरापुढे माझा जीव ओतला आहे. पेल्यात ओततात तो नव्हे, इथे मनच ओतलं आहे. पुढे ती म्हणते, मला ‘बलियालाची कन्या’ समजू नका, म्हणजे अधम, वाया गेलेली. आता एक अध्याय पुढे जा, २:१२: एलीचे मुलगे ‘बलियालाचे पुत्र’ होते. हिब्रूत शब्द तोच. दारात उभ्या असलेल्या बाईत याजकाला जे दिसलं ते खरं तर त्याच्याच घरात वाढत होतं. त्याचे मुलगे यज्ञाचं मांस तीन दातांच्या काट्याने काढून न्यायचे, दिलं नाही तर जबरदस्तीने घ्यायचे. इथे मी नेहमी थोडा वेळ काही बोलत नाही. गटात कुणीतरी हळूच म्हणतं, “आमच्या मंडळीत पण एकदा...” बोलू द्या. नावं मात्र घेऊ देऊ नका. गाऱ्हाणं सांगणं वेगळं, चहाड्या वेगळ्या, आणि तो बांध तुम्हालाच घालायचा आहे.

आणखी एक गंमत, म्हणजे गंमत नव्हे खरं तर. एली क्षमा मागत नाही. आणि तू काय मागितलंस, असंही विचारत नाही. “शांतीने जा, इस्राएलाचा देव तुझं मागणं तुला देवो,” एवढं म्हणतो. मागणं काय ते त्याला पहिल्यांदा कळतं ते काही वर्षांनी, वचन २७ मध्ये, ती मुलगा घेऊन येते तेव्हा. आणि तेव्हाही तिला आठवण करून द्यावी लागते: आपल्याजवळ इथे उभी होती ती बाई मीच.

आता १८वं वचन. हे फळ्यावर लिहा, कागदावर लिहून वाटा, काहीही करा, पण नजरेसमोर ठेवा. ती गेली, जेवली, आणि तिचा चेहरा पुन्हा तसा उदास राहिला नाही.

गटाला विचारा: या क्षणी काय बदललंय? मूल झालेलं नाही. दिवस राहिलेले नाहीत. कुठला शब्द मिळालेला नाही, कारण एलीचं वाक्य आशीर्वाद आहे, निरोप नाही. पनिन्ना तिथेच आहे, उद्या सकाळी तिच्याच सोबत घरी परतायचं आहे. वचन ७ मध्ये जेवत नव्हती ती वचन १८ मध्ये जेवते. मध्ये फक्त प्रार्थना झाली आहे.

माझ्या मते हन्नाच्या विश्वासाचा धडा इथे आहे. वचन २० मध्ये, शमुवेलाच्या जन्मात, तो शोधला की मूल न झालेल्या प्रत्येकीचा विश्वास आपोआप कमी ठरतो. वचन १८ मध्ये शोधला तर तो अशा प्रत्येकीला खुला राहतो, जिला अजून काहीच मिळालेलं नाही. तिने देवापाशी रडगाणं गायलं, कडू मनाने, नाक-डोळे पुसत. देवाने ते प्रार्थना म्हणून धरलं. याजकाने धरलं नव्हतं. तुमच्या गटात ज्या बायका “मला नीट प्रार्थना करता येत नाही” असं म्हणतात, त्यांना हे सांगा. शब्दही ऐकू आले नव्हते त्या प्रार्थनेचे.

जन्माचा भाग मी भराभर घेते. एकच शब्द थांबण्यासारखा: परमेश्वराने तिची ‘आठवण केली’. विसरला होता असा अर्थ नाही. जलप्रलयात नोहाची, आणि पुढे राहेलची आठवण केली तिथेही हेच क्रियापद आहे. देव हालचाल करायला लागतो तेव्हा शास्त्र असं म्हणतं. कधी करतो, का तेव्हाच करतो, हे तिथेही सांगितलेलं नाही आणि इथेही नाही.

मग वेळ द्या तो दूध तुटल्यानंतरच्या भागाला. त्या काळी मूल दोन-तीन वर्षांचं होईपर्यंत अंगावर असे. वचन २४ च्या शेवटी हिब्रूत एक साधं, अवघडवणारं वाक्य आहे: शब्दशः, ‘मुलगा मुलगा होता’. भाषांतरांत त्याचं ‘तो लहान होता’ असं होतं, आणि ते बरोबरच आहे. पण लेखकालाही तिथे दुसरं काही सुचलं नसावं असं मला दर वेळी वाटतं. आणि ती त्याला कुणाच्या हाती सोपवते? जो तिला दारूडी म्हणाला त्या म्हाताऱ्याच्या, ज्याचे मुलगे तसे आहेत त्या घरात. तिने माणसांच्या भरवशावर सोपवलं नाही हे यावरून कळतं.

नंतर २:१९. दर वर्षी त्याची आई त्याच्यासाठी एक छोटा झगा करायची आणि वार्षिक यज्ञाला येताना घेऊन यायची. यावर गटात हमखास कुणीतरी डोळे पुसतं. जिने कधी दूर असलेल्या मुलासाठी कपडा शिवला आहे तिला विचारा, माप कसं घेणार? मुलगा समोर नाही. गेल्या वर्षीच्या झग्यावरून अंदाज बांधायचा, बाही किती वाढवायची, लांबी किती सोडायची. उताऱ्यात हे लिहिलेलं नाही, मी माझ्या पदरचं सांगते आहे आणि तसं सांगूनच सांगते. तुम्हीही तसंच करा. कल्पना करायला हरकत नाही, फक्त ती वचन म्हणून खपवू नये. लिहिलेलं आहे ते हे: झग्यासाठीचा हिब्रू शब्द ‘मेईल’, आणि २८:१४ मध्ये शमुवेल मेल्यावर शौल राजा त्याच्या आत्म्याला ओळखतो तो ‘झगा घातलेला म्हातारा’ या वर्णनावरून. तिथेही शब्द ‘मेईल’च आहे.

हन्नाच्या गीताकडे (२:१-१०) वळताना एक प्रयोग करा. बायकांना सांगा, यात शमुवेलाचा उल्लेख शोधा. सापडणार नाही. एवढ्या वर्षांनी झालेला मुलगा, आणि गीतात त्याचं नाव नाही. वांझेला सात मुलं झाली, असं एक वाक्य आहे, पण हन्नाची स्वतःची मुलं मोजली तर शमुवेल, आणि २:२१ प्रमाणे आणखी तीन मुलगे नि दोन मुली, म्हणजे सहा. गीत तिच्यापेक्षा मोठ्या गोष्टीबद्दल आहे: धनुष्यं मोडतात, भुकेले तृप्त होतात, दरिद्री धुळीतून उठवले जातात. शेवटच्या वचनात ती देवाच्या राजाबद्दल, त्याच्या अभिषिक्ताबद्दल बोलते. त्या वेळी इस्राएलात राजाच नव्हता. हिब्रू शास्त्रात शास्तेनंतर लगेच शमुवेल येतं, आणि शास्तेचं शेवटचं वाक्य म्हणतं की राजा नव्हता, जो तो आपल्याला बरं दिसेल ते करी. त्या अंदाधुंदीच्या कडेला उभी राहून एक आई अभिषिक्ताचं गाणं म्हणते. लूक १:४६ पासून येशूच्या आईचं, मरीयेचं गीत शेजारी ठेवून वाचा. बलवानांना खाली ओढणं, दीनांना उंचावणं, भुकेल्यांना भरवणं, सगळं तेच. ‘अभिषिक्त’ म्हणजे ख्रिस्त. तेव्हा हन्नापासून थेट आपल्या घरापर्यंत उडी मारण्याऐवजी हन्नापासून मरीयेपर्यंत, तिथून ख्रिस्तापर्यंत आणि मग आपल्यापर्यंत या. वाट लांबची आहे, पण त्या वाटेने गेलं की ‘हन्नासारख्या व्हा’ असं म्हणायची वेळ फारशी येत नाही.

आता तुमच्या त्या बहिणीविषयी. अभ्यासाच्या आधी एकदा तिला एकटीला सांगा की विषय हन्ना आहे. यायचं की नाही ते तिला ठरवू द्या. आली तर बोलताना तिच्याकडे बघू नका. शेवटी तिला मध्ये बसवून डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची कुणाला हुक्की आली तर थांबवा. तिने स्वतः मागितलं तर गोष्ट वेगळी. ‘पुढच्या वर्षी या वेळी तुझ्या मांडीवर’ असली भाषा कुणालाच करू देऊ नका. ते वचन साराला मिळालं होतं, आणि देणारा देव होता. सारा, रिबका, राहेल, मानोहाची बायको, अलीशिबा, ही यादीही वाचू नका. त्यात प्रत्येकीला शेवटी मूल होतं, आणि मूल न झालेली बाई ती यादी ऐकते तेव्हा तिला आपलंच नाव गाळलेलं ऐकू येतं.

त्याऐवजी यशया ५६:४-५ वाचा. ज्यांना मूल होणं शक्यच नाही अशांना देव म्हणतो, माझ्या घरात मी त्यांना पुत्र-कन्यांपेक्षा बरं नाव देईन. एलकानाचा प्रश्न आठवतो? “दहा मुलांपेक्षा मी बरा नाही का?” हिब्रूत ‘बरा’ नि ‘बरं’ हा शब्द दोन्हीकडे एकच, ‘तोव’. नवऱ्याने विचारलं तेव्हा हन्ना गप्प राहिली, कारण ते कुठल्याही नवऱ्याच्या आवाक्यातलं नव्हतं.

आणि वेळ उरला तर लूक २:३६-३८ वाचून संपवा. तिथे दुसरी हन्ना आहे, आशेर वंशातल्या फनूएलाची मुलगी. लग्नानंतर सातच वर्षं नवऱ्याबरोबर काढली, मग वैधव्य. ८४ हा आकडा तिच्या वयाचा की वैधव्याच्या वर्षांचा, यावर भाषांतरांत फरक दिसतो. पहिली हन्ना मूल घेऊन मंदिरात आली होती. ही मंदिर सोडून जातच नसे, आणि मरीया बाळाला घेऊन आली तेव्हा त्याच घटकेला जवळ येऊन ती देवाचे आभार मानू लागली आणि यरुशलेमेच्या सुटकेची वाट पाहणाऱ्या सगळ्यांना त्या बाळाविषयी सांगू लागली. तिला स्वतःला मूल होतं की नाही, हे लूकने लिहिलेलं नाही.